प्लीहेतील गाठ

मनुष्यशरीरात अर्बुदांनी ठाण मांडावे असे अवयव थोडेथोडके नाहीत. फुप्फुस, स्तन, जठर, गर्भाशय, मोठे आतडे यांच्या कर्करोगांची वर्णने वैद्यकाच्या ग्रंथांत शेकडो पृष्ठे व्यापून असतात. परंतु डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या पाठीशी आणि श्वासपटलाच्या खाली दडून असलेली प्लीहा, जिला आपल्याकडे खेडोपाडी पानथरी म्हणतात, तिच्या स्वतःच्या अर्बुदांना त्याच ग्रंथांत एखाद्या प्रकरणाच्या अखेरीस दोनचार परिच्छेदांपलीकडे जागा मिळत नाही. ही उपेक्षा अन्यायाची म्हणता येणार नाही, कारण ही अर्बुदे खरोखरीच विरळ आहेत. पण विरळ असूनही, किंबहुना विरळ असल्यामुळेच, त्यांनी शल्यविशारदांपुढे एक विलक्षण पेच उभा केला आहे. इतर ठिकाणी गाठ आढळली की प्रथम तिचा लहानसा तुकडा काढून तपासावा, तिची जात ठरवावी आणि मग शस्त्रक्रियेची तजवीज करावी असा शिरस्ता आहे. प्लीहेच्या बाबतीत मात्र पुष्कळदा अवयव समूळ बाहेर काढल्याखेरीज गाठ कशाची होती हेच कळत नाही, म्हणजे चौकशी आणि शिक्षा या दोहोंची अंमलबजावणी एकाच हुकुमाने होते आणि निकालपत्र मागाहून हाती येते.

या विरळपणाचे मूळ प्लीहेच्या घडणीतच आहे. सुमारे दीडशे ग्रॅम वजनाच्या या मूठभर अवयवाकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ विसावा हिस्सा जातो. तेथे गेलेले रक्त सर्वच ठिकाणी बंद नळ्यांतून वाहत नाही; त्याचा काही भाग उघड्या पोकळ्यांत सुटतो आणि अतिशय अरुंद फटींतून वाट काढीत पुन्हा शिरांत शिरतो. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. ते सरत आले म्हणजे त्यांचा लवचिकपणा जातो, त्या या फटींत अडकतात आणि तेथे तैनात असलेल्या भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. हा झाला प्लीहेचा तांबडा भाग. त्याच्यामध्ये ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेला जो पांढरा भाग, त्यात लसीकापेशींच्या वसाहती असतात आणि रक्तातून येणाऱ्या जंतूंची ओळख पटवून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करण्याचे काम तेथे चालते. ज्या अवयवातून इतक्या रक्ताची अहोरात्र ये-जा होते, तेथे दुसऱ्या अवयवांतून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशींनी सर्वांआधी वस्ती करावी, अशी सामान्य बुद्धीची अपेक्षा. पण तसे घडत नाही. प्लीहेत बाहेरून लसीका आणणाऱ्या वाहिन्या नाहीत, तिची धमनी नागमोडी आहे, आत रक्षक पेशींची दाटी आहे, अशी अनेक कारणे शास्त्रज्ञ सांगतात; त्यांपैकी कोणतेही एक पुरेसे आहे असे मला वाटत नाही, सर्वांचा मिळून परिणाम होत असावा.

प्लीहेच्या स्वतःच्या अर्बुदांविषयी मात्र इतकी संदिग्धता नाही. कर्करोगाची बहुसंख्य रूपे ज्या अस्तरपेशींपासून, म्हणजे त्वचेच्या, श्लेष्मल आवरणाच्या आणि ग्रंथींच्या पेशींपासून उपजतात, त्या पेशी प्लीहेत मुळातच नाहीत. तेथे आहेत त्या मुख्यतः रक्तवाहिन्या आणि लसीकापेशी. त्यामुळे तेथे जी गाठ उपजते ती बहुधा या दोन घराण्यांपैकीच एखाद्यातील असते. रक्तवाहिन्यांच्या घराण्यातील सौम्य गाठ म्हणजे हिमांजिओमा. सौम्य गाठींत तीच सर्वांत अधिक आढळते आणि बहुधा जन्मभर निरुपद्रवी राहते. हामार्टोमा नावाची दुसरी एक गाठ, जिचे वर्णन व्हिएन्नाचे थोर विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८६१ मध्ये केले, ती तर प्लीहेच्याच द्रव्याची, केवळ मांडणी बिघडलेली अशी असते. पोकळ्यांना अस्तर देणाऱ्या पेशींपासून उत्पन्न होणारे जे अर्बुद, ते प्लीहेखेरीज अन्यत्र होत नाही आणि त्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९९१ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. याशिवाय द्रवाने भरलेल्या गाठी आहेत; काही जन्मजात अस्तराच्या, काही जुन्या आघातानंतर साकळलेल्या रक्ताच्या, तर काही मेंढरे आणि कुत्री जेथे एकत्र नांदतात त्या मुलखांत आढळणाऱ्या फीतकृमीच्या. या शेवटच्यांना अर्बुद म्हणणे शास्त्राला धरून नाही, परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर त्या अर्बुदासारख्याच समोर येतात, आणि त्यांचे पाणी पोटात सांडले तर रुग्णाला जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून त्यांचा उल्लेख टाळता येत नाही.

दुष्ट गाठींत पहिला मान लिम्फोमाचा, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाचा. तो शरीरभर पसरता पसरता प्लीहेतही शिरतो ही गोष्ट निराळी. प्लीहेतच उगम पावणारा लिम्फोमा मात्र एकंदर लिम्फोमांच्या शेकडा एकदोनांपलीकडे नाही. त्याच्यानंतर येते ते रक्तवाहिन्यांचे मांसार्बुद, अँजिओसार्कोमा, ज्याचे प्लीहेतील पहिले वर्णन १८७९ मध्ये लांगहान्स यांनी केले. हा रोग दहा लाख लोकांत वर्षाकाठी एखाद्यालाही होत नाही, पण ज्याला होतो त्याला फारशी सवड देत नाही. बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आत दगावतात, यकृतात आणि हाडांत तो लवकर पसरतो, आणि कित्येकदा त्याची पहिली वर्दीच प्लीहा आपोआप फुटून पोटात रक्तस्राव झाल्याने मिळते. ती फुटण्यापूर्वी काढता आली तर रुग्णाच्या आयुष्याची मुदत काहीशी वाढते, एवढाच दिलासा उपलब्ध अनुभवातून मिळतो.

प्लीहा फुटण्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या देशाच्या इतिहासातील एक काळे पान उघडणे भाग पडते. हिवतापाने वाढलेली पानथरी हिंदुस्थानात इतकी सर्वत्र होती की, डेम्पस्टर नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४७ च्या सुमारास उत्तरेतील कालव्यांच्या काठच्या गावांत माणसांची पोटे चाचपून, किती जणांची प्लीहा हाताला लागते यावरून त्या मुलखातील हिवतापाचे प्रमाण ठरविण्याची रीत पाडली. वाढलेली आणि ताणलेली प्लीहा किरकोळ आघातानेही फुटते. या वैद्यकीय सत्याचा आधार घेऊन नोकराला लाथाबुक्क्यांनी मारणाऱ्या गोऱ्या साहेबांची सुटका करण्याची वहिवाट त्या काळच्या न्यायकचेऱ्यांत पडली. आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले, तो मेला, शवपरीक्षेत प्लीहा फुटलेली निघाली आणि न्यायाधीशाने फुलरला तीस रुपये दंड केला. त्यावर १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटन यांनी नापसंतीचा लेखी शेरा मारला आणि सारा अँग्लो-इंडियन समाज त्यांच्यावर खवळून उठला. प्लीहेचे कवच किती पातळ असते, हे एतद्देशीयांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

प्राचीनांनी या अवयवाविषयी बरेच काही सांगून ठेवले आहे. चरकाने यकृत आणि प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले. सुश्रुताने प्लीहोदराच्या रुग्णाला दही खाऊ घालून डाव्या हाताच्या कोपराच्या आतील बाजूची शीर वेधावी आणि त्याच वेळी हाताने प्लीहा चोळावी असा उपचार सांगितला. ग्रीकांनी तिला काळ्या पित्ताचे आणि त्यायोगे विषण्णतेचे स्थान ठरविले. प्लीहेवाचून प्राणी जगतो हे मात्र प्रत्यक्ष प्रयोगाने पाहिले गेले ते सतराव्या शतकात. लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणारे ख्रिस्तोफर रेन यांनी तरुणपणी ऑक्सफर्ड येथे कुत्र्याची प्लीहा काढून ते जगते हे दाखविले होते, ही गोष्ट स्थापत्याच्या इतिहासकारांना कदाचित फारशी आठवत नसेल.

माणसाच्या बाबतीत प्रकरण इतके सुलभ नव्हते. १५४९ मध्ये नेपल्सला झाक्कारेल्ली यांनी एका तरुण स्त्रीची प्लीहा काढली आणि ती जगली, अशी कथा सांगतात. परंतु त्यांनी काढले ते प्लीहा नसून बीजकोशाची गाठ असावी, असा रास्त संशय मागाहून घेतला गेला. जर्मनीत रोस्टोक येथे क्विटेनबाउम यांनी १८२६ मध्ये जी शस्त्रक्रिया केली तिची नोंद निःसंदिग्ध आहे, आणि रुग्ण काही तासांतच रक्तस्रावाने गेली हेही तितकेच निःसंदिग्ध आहे. पुढे १८६५ च्या सुमारास लंडनचे स्पेन्सर वेल्स यांनी, ज्यांचे नाव रक्तवाहिनी चिमटणाऱ्या चिमट्याला आजही लागलेले आहे, हाच प्रयत्न केला; त्यांची रुग्ण आठवडाभरात दगावली. अखेर १८६७ मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांना यश लाभले, पण ते यश कसे आले हे पाहण्यासारखे आहे. वीस वर्षांच्या एका मुलीच्या पोटात मोठी गाठ होती. पेआँ यांनी बीजकोशाची गाठ समजून पोट उघडले आणि आत पाहतात तो ती प्लीहेतील द्रवाची गाठ. आता माघार घेणे शक्य नव्हते. त्यांनी प्लीहेसह ती काढली आणि मुलगी बरी झाली. प्लीहेच्या शस्त्रक्रियेतील हा पहिला निर्विवाद विजय गाठीसाठीच मिळाला आणि तोही निदान चुकल्यामुळे मिळाला, या योगायोगात मला या साऱ्या विषयाची कैफियतच दिसते. रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांवर त्या शतकात याच शस्त्रक्रियेचा जो प्रयोग झाला, त्याचा परिणाम इतका भयंकर होता की पुष्कळांनी तिचा नादच सोडला. ज्यांचे रक्त धड होते आणि दोष एका गाठीपुरताच होता, ते मात्र वाचू लागले.

आजच्या रुग्णाची कथा बहुधा अगदी निराळ्या रीतीने सुरू होते. पित्ताशयातील खड्यांसाठी किंवा मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली जाते, आणि अहवालाच्या तळाशी, ज्याची कोणी चौकशीही केली नव्हती अशी एक ओळ येते की, प्लीहेत इतक्या सेंटिमीटरांची गाठ आहे. क्वचित डाव्या कुशीत जडपणा, थोडे खाल्ले तरी पोट भरल्याची भावना, किंवा श्वासपटल डिवचले गेल्यामुळे डाव्या खांद्यात दुखणे, अशा तक्रारी असतात. मग सी. टी. स्कॅन होतो. गाठीत पाणी आहे की घन द्रव्य, रंगद्रव्य टोचल्यावर ती कडेकडून आत भरत जाते की मध्येच काळी राहते, एकच आहे की अनेक, यावरून काही तर्क बांधता येतात. परंतु सौम्य हिमांजिओमा आणि प्राणघातक अँजिओसार्कोमा यांची चित्रे कधीकधी अशी जुळतात की अनुभवी डोळाही हात टेकतो. आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे; प्लीहेतील क्षयाच्या गाठी हुबेहूब लिम्फोमासारख्या दिसतात, आणि त्यांना शस्त्राची नव्हे, गोळ्यांची गरज असते.

येथे वाचक साहजिकच विचारील की, सुई घालून तुकडा का घेऊ नये? याला उत्तर असे की, प्लीहा मऊ, रक्ताने तुडुंब आणि पातळ कवचाची असल्यामुळे सुईच्या छिद्रातून रक्तस्राव होण्याचे भय पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले आहे, आणि गाठ दुष्ट असल्यास तिच्या पेशी सुईच्या वाटेने पोटात सांडण्याचीही धास्ती असते. गंमत अशी की, याच देशात १९०३ मध्ये मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी काळाआजाराचे जंतू एका जिवंत मुलाच्या प्लीहेत सुई घालूनच पाहिले, आणि त्यानंतर काळाआजाराच्या मुलखात प्लीहेत सुई घालणे ही नित्याची तपासणी झाली. अलीकडे बारीक सुया आणि सोनोग्राफीचे मार्गदर्शन यांमुळे हे भय पूर्वीइतके उरलेले नाही. लिम्फोमाचा किंवा क्षयाचा संशय असेल तेथे असा तुकडा जरूर घ्यावा, असे मत बळावत आहे, आणि ते मला योग्य वाटते. परंतु रक्तवाहिन्यांच्या गाठीचा संशय असेल तर अजूनही सुई बाजूलाच राहते. अशा वेळी गाठ लहान, गुळगुळीत, लक्षणरहित आणि जुन्या चित्रांशी ताडून न वाढणारी असेल, तर शस्त्रक्रिया तहकूब करून काही महिन्यांनी पुन्हा चित्र घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. गाठ मोठी असेल, वाढत असेल, रक्तबिंबिका गिळून रक्त गोठण्याची क्रिया बिघडवीत असेल किंवा तिचे स्वरूप कशानेच उलगडत नसेल, तर प्लीहा काढण्याचा सल्ला दिला जातो.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. प्लीहा चार बाजूंनी चार शेजाऱ्यांना बांधलेली असते; पुढून जठराला, मागून मूत्रपिंडाच्या बाजूला, खालून मोठ्या आतड्याच्या वळणाला आणि वरून श्वासपटलाला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल, जी प्रथम १९९१ मध्ये पॅरिसला झाली, तर रुग्णाला उजव्या कुशीवर निजवतात, म्हणजे आतडी आपल्या भाराने खाली सरतात आणि प्लीहा वर टांगल्यासारखी राहते. प्रथम आतड्याकडील बंध सोडवितात. मग जठराकडील पदरातील आखूड रक्तवाहिन्या एकामागून एक बंद करीत वर सरकतात. या वाहिन्यांची वरची एकदोन इतकी आखूड असते की किंचित ओढ बसली तरी जठराची भिंत किंवा प्लीहेचे कवच फाटते. त्यानंतर स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने वळसे घेत आलेली प्लीहेची धमनी शोधून तिला आधी बांधतात आणि शीर मागाहून. हा क्रम उलटला तर रक्त आत येत राहते पण बाहेर पडत नाही, आणि प्लीहा पाहता पाहता फुगते. धमनी बांधल्यावर थोडे थांबले की फुगलेली प्लीहा आकसते, निळसर पडते आणि तिच्यातील रक्त शिरेवाटे रुग्णाच्याच अंगात परत जाते. अवाढव्य प्लीहेच्या बाबतीत हा लाभ थोडाथोडका नसतो. सर्वांत नाजूक जागा मागची. स्वादुपिंडाचे शेपूट तेथे प्लीहेच्या दाराशी कधी बोटभर अंतरावर तर कधी अगदी भिडून असते. त्याला चिमटा बसला तर पाचक रस पोटात झिरपत राहतो आणि रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम आठवड्यांनी वाढतो.

इथवरचे काम कोणत्याही कारणासाठी प्लीहा काढताना सारखेच. गाठीसाठी काढताना दोन गोष्टी बदलतात. रक्तबिंबिकांच्या विकारात प्लीहा पिशवीत भरून, आतल्या आत चुरडून, अंगठ्याएवढ्या छिद्रातून बाहेर काढता येते. गाठीच्या बाबतीत असे करणे म्हणजे पुराव्याचाच नाश. शिवाय पिशवी फाटली तर दुष्ट पेशी पोटभर पेरल्या जाण्याचा धोका. म्हणून छिद्रांतून सोडविलेली प्लीहाही अखंड बाहेर काढण्यासाठी ओटीपोटावर स्वतंत्र छेद घेतात, आणि ती फारच मोठी असेल किंवा दुष्टतेचा संशय दाट असेल तर आरंभापासून पोट उघडूनच काम करतात. दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट आहे. शेकडा दहा ते तीस माणसांच्या पोटात वाटाण्याएवढी एखादी उपप्लीहा असते. रक्तविकारात शल्यविशारद ती शोधशोधून काढतो, कारण ती राहिली तर विकार परततो, पण सौम्य गाठीसाठी प्लीहा गमावणाऱ्या रुग्णाची उपप्लीहा निरोगी असेल तर तिला हात लावण्याचे कारण नाही. त्याच विचाराने, गाठ एका टोकाला असेल तर तेवढेच टोक काढून उरलेली प्लीहा राखण्याची रीतही आता रूढ झाली आहे. प्लीहेची धमनी आत शिरताना खंडाखंडांत विभागते आणि एका खंडाची शाखा बांधली की तेवढाच खंड काळवंडून त्याची हद्द आपोआप आखली जाते, या गोष्टीचा उपयोग ब्राझीलच्या कांपोस क्रिस्तो यांनी १९६० च्या सुमारास करून दाखविला होता. प्लीहेचा चौथा हिस्सा जरी राहिला तरी ती आपले संरक्षणाचे काम बरेचसे करू शकते.

बाहेर आलेली प्लीहा विकृतिशास्त्रज्ञाच्या हवाली होते. तिचे वजन करतात, कवच कोठे फाटले आहे काय हे पाहतात आणि मग धारदार लांब सुरीने तिचे पातळ काप करतात. कारण प्लीहेत फॉर्मॅलिन सावकाश झिरपते, आणि सबंध प्लीहा तशीच बरणीत बुडविली तर आतला भाग टिकण्याआधीच कुजू लागतो. हिमांजिओमाचा काप स्पंजासारखा आणि गडद लाल दिसतो, लिम्फोमात कधी पांढुरक्या भरीव गाठी तर कधी साऱ्या कापावर बारीक पांढरे दाणे उठलेले दिसतात, आणि अँजिओसार्कोमात रक्ताची थारोळी आणि मृत द्रव्य यांची सरमिसळ असते. पक्का निकाल मात्र सूक्ष्मदर्शकाखाली, पेशींवरील खुणा रंगवून पाहिल्यावरच लागतो.

लिम्फोमाच्या एका जातीने तर शस्त्रक्रियेच्या अधिकाराविषयीच प्रश्न उपस्थित केला. प्लीहेच्या पांढऱ्या भागाच्या सीमाप्रदेशातील पेशींपासून होणारा हा लिम्फोमा मंदगतीचा. प्लीहा काढली की पोटाचा भार उतरतो, रक्तपेशींची संख्या सुधारते आणि रुग्ण वर्षानुवर्षे चांगला राहतो, म्हणून बराच काळ शस्त्रक्रिया हाच त्याचा मुख्य उपचार होता. २००२ मध्ये फ्रान्समधील ऑलिव्हिए हेर्मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण पाहिले की ज्यांना हा लिम्फोमा होता आणि सोबत हेपेटायटिस सी या विषाणूचा संसर्गही होता. त्यांनी कर्करोगावर नव्हे, विषाणूवर इंटरफेरॉनचा उपचार केला. नऊपैकी सात जणांत विषाणू रक्तातून नाहीसा झाला आणि त्याच्यापाठोपाठ लिम्फोमाही मावळला. उलट ज्यांना हा संसर्ग नव्हता अशा सहा रुग्णांवर त्याच औषधाचा काहीच परिणाम झाला नाही. म्हणून आज अशा रुग्णाची प्लीहा काढण्यापूर्वी या विषाणूची तपासणी केली जाते. आणि ज्यांना विषाणू नाही त्यांच्यासाठी रिटुक्सिमॅब नावाचे प्रतिद्रव्य उपलब्ध झाल्यामुळे शस्त्रक्रियेचा अंमल तेथेही बराच आकसला आहे.

केसाळ पेशींच्या रक्तकर्करोगाची हकीकत याहून चमत्कारिक आहे. तो काटेकोरपणे प्लीहेचे मूळ अर्बुद नव्हे, पण प्लीहा प्रचंड वाढविणारा म्हणून याच प्रकरणात शोभेल. सिअ‍ॅटलचे जॉन मूर यांना तो झाला, आणि १९७६ मध्ये लॉस अँजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांची अवाढव्य वाढलेली प्लीहा काढण्यात आली. प्रकृती सुधारली. त्यानंतर कित्येक वर्षे डॉक्टर डेव्हिड गोल्ड त्यांना तपासणीसाठी बोलावीत आणि रक्त, मज्जा आदींचे नमुने घेत राहिले. मूर समजत होते की हे सारे आपल्या प्रकृतीसाठी चालले आहे. १९८३ मध्ये त्यांच्यापुढे एक संमतिपत्र ठेवण्यात आले, ज्यात आपल्या रक्तापासून निर्माण होणाऱ्या कोणत्याही वस्तूवरचा हक्क सोडल्याचे कलम होते. मूर यांना शंका आली, त्यांनी त्या कलमाला नकार दिला आणि वकील गाठला. तपासात निघाले ते असे की, त्यांच्या प्लीहेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत अखंड वाढणारा एक पेशीवंश तयार करण्यात आला होता, त्याचे नाव त्यांच्याच नावावरून ‘मो’ ठेवले होते, आणि १९८४ मध्ये त्यावर पेटंटही मिळाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिलेला निर्णय दुधारी होता: शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी मानता येत नाही, परंतु शस्त्रक्रियेची संमती घेताना डॉक्टरने आपला आर्थिक आणि संशोधनविषयक हितसंबंध रुग्णाला उघड करणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि त्यात कसूर झाली असेल तर रुग्णाला दाद मागता येते. कायद्याच्या दृष्टीने हा तोल कितीही सुबक असो, आपल्या अवयवाचे मोल सर्वांना ठाऊक असताना आपल्यालाच ते ठाऊक नसणे, याची भरपाई त्या निर्णयाने झाली असे मला वाटत नाही. आणि खुद्द तो रोग? १९९० नंतर क्लॅड्रिबिन या औषधाचा एकच फेरा त्याला पुष्कळदा वर्षानुवर्षे शमवू लागला, आणि त्याच्यासाठी प्लीहा काढण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो.

शल्यविशारदांचा हात आवरला जाण्याचे दुसरे कारण शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्यात आहे. मॉरिस आणि बुलॉक यांनी १९१९ मध्येच उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले होते की, प्लीहा काढलेला उंदीर जंतुसंसर्गाला लवकर बळी पडतो. परंतु तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, कारण प्लीहेवाचून माणसे हिंडतफिरत होती हे सर्वांना दिसत होते. १९५२ मध्ये इंडियानाच्या किंग आणि शुमाकर यांनी, जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्लीहा काढलेल्या पाच अर्भकांना पुढे झालेल्या भयंकर संसर्गांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे वैद्यकाचे डोळे उघडले. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते. त्यांना रक्तातून वेचून काढण्यात प्लीहेची बरोबरी कोणी करीत नाही. प्लीहा नसलेल्या माणसाला सकाळी थंडी वाजून ताप यावा आणि रात्रीपर्यंत रक्तदाब कोसळावा, इतक्या वेगाने हा संसर्ग धावतो, आणि तो एकदा पुरता जडला की जवळजवळ निम्मे रुग्ण हाती लागत नाहीत. पहिल्या दोनतीन वर्षांत धोका अधिक, पण तो संपूर्णपणे कधीच टळत नाही.

गाठीसाठी ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा एक मोठा लाभ येथे दिसतो, तो म्हणजे सवड. अपघातात प्लीहा फुटलेल्या रुग्णाला ती नसते. गाठीच्या रुग्णाला या तिन्ही जंतूंविरुद्धच्या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी देता येतात, म्हणजे प्रतिद्रव्ये बनविण्याच्या कामात प्लीहेचा स्वतःचाही हातभार लागतो. घरी जाताना रुग्णाने तीन गोष्टी पदरी बांधून घ्याव्यात. ताप आला तर तो साधा की कसा याची वाट न पाहता, डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेल्या प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेऊन थेट रुग्णालय गाठावे. कुत्र्याने चावा घेतला तर रेबीजच्या लसीवरच न थांबता आपल्याला प्लीहा नसल्याचे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक एरव्ही निरुपद्रवी जंतू अशा माणसाचा प्राण घेऊ शकतो. आणि हिवतापाच्या मुलखात राहणाऱ्याने किंवा तिकडे जाणाऱ्याने मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळ्या यांत हयगय करू नये. हिवतापाचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी वेचून काढण्याचे कामही प्लीहेचेच, आणि ती नसताना तोच ताप अधिक तीव्र होतो. विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल गाठ सौम्य होती असे सांगत आला म्हणून यातील एकही गोष्ट शिथिल होत नाही. न्यूमोकोकसची लस पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते ती लागतेच, आणि तिची तारीख शस्त्रक्रियेच्या दाखल्यावरच लिहून देण्याची पद्धत काही रुग्णालयांनी पाडली आहे.